३४ इंची मॉनिटरसाठी एसआयपी थांबवू का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. या ताई नाशिकच्या इंदिरानगरला घरून अकाउंट्सची कामं करतात, दहा-बारा दुकानदार आणि अंबडची दोन वर्कशॉप, टॅली, एक्सेल, जीएसटी रिटर्न्स, महिन्याला ४५ हजारांच्या आसपास येतात. सगळं काम पंधरा इंची जुन्या लॅपटॉपवर, स्क्रीन १३६६ बाय ७६८ पिक्सेल (म्हणजे ठिपके, आडवे बाय उभे), डोळे आणि मान दोन्ही बोंबलतायत. एमजी रोडला एका दुकानात ३४ इंची कर्व्ह अल्ट्रावाइड, म्हणजे वाकलेल्या स्क्रीनचा जास्त रुंद मॉनिटर, आवडलाय, ३६,९९० ला, बारा महिने नो कॉस्ट ईएमआय, हप्ता ३,०८२. आणि विचार असा की म्युच्युअल फंडातली दरमहा ३,००० ची एसआयपी वर्षभर थांबवली की हप्ता निघतोच. मिस्टर म्हणतात घेऊन टाक, टॅक्समधे वाचतील.

मॉनिटर घ्याच. पण हा नको, आणि एसआयपी थांबवून तर नकोच नको.

आधी टॅक्सचं संपवतो कारण ते सोपंय. तुम्ही रिटर्न निम्मं उत्पन्न दाखवायच्या प्रिझम्प्टिव्ह स्कीममधे भरता असं लिहिलंय, म्हणजे वर्षाचे ५ लाख ४० हजार आले तर नफा धरला २ लाख ७० हजार. त्यात खर्च आणि घसारा सगळं आलंच, मॉनिटरचं बिल वेगळं लावता येत नाही. आणि नव्या रिजीममधे ४ लाखांपर्यंत तसाही टॅक्स नाही. जो भरायचाच नाही तो वाचणार कसा? जीएसटीचा क्रेडिट पण नाही, कारण २० लाखांच्या आत आहात, रजिस्ट्रेशन नाही. दुसऱ्यांची रिटर्न्स भरणाऱ्या बाईला मी हे सांगतोय याची गंमत वाटतेय, पण स्वतःची खरेदी आली की आपण सगळेच गिऱ्हाईक होतो.

दुकानदार म्हणाला "आधी ४० हजार होता, आत्ता ऑफर आहे". ३२ इंचाच्या वरच्या मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. नुसत्या त्या फरकाने ४० हजारांचा माल ३६,८७५ ला यायला पाहिजे. म्हणजे ऑफर सरकारची आहे, दुकानाने वर शंभर-सव्वाशे ठेवूनच घेतलेत. ३२ आणि त्याच्या आतल्यांना आधीपासूनच १८ टक्के होता.

नो कॉस्टचं पण बघा. रोख दिले तर दोन हजार कमी करतो म्हणालाय, ते ईएमआयवर नाहीत. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत दाखवतात, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच जातो. १५ टक्के दर धरला तर तो पाचशेच्या आसपास, वर प्रोसेसिंग फी दोनेकशे. सगळं धरून नो कॉस्टची कॉस्ट २,७०० झाली.

आता मुख्य मुद्दा. तुमचं काम उभं चालतं, आडवं नाही. बँक स्टेटमेंट, लेजर, परचेस रजिस्टर सगळं खाली खाली जातं. आणि मॉनिटर आपण इंचावर घेतो, इंच म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी, त्यात उंची किती ते कळतच नाही. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची साध्या २७ इंचीएवढीच असते, तेरा-सव्वातेरा इंच. रिझोल्युशनचंही तेच, अल्ट्रावाइड ३४४० बाय १४४०, २७ इंची क्यूएचडी २५६० बाय १४४०, खालचा आकडा एकच! एक्सेलची नेहमीची ओळ २० पिक्सेलची आणि कॉलम ६४ चा. म्हणजे आजच्या ७६८ वरून १४४० वर गेलात की ३३ ओळी जास्त दिसतील, कुठलाही घेतला तरी. अल्ट्रावाइडला वर मिळतात १३ कॉलम. २७ इंची क्यूएचडी, आयपीएस पॅनलवाला (बाजूने बघितलं तरी नीट दिसतो), मी कॉलेज रोडला विचारला तर १७,५०० सांगितला. मग फरक १९,४९० चा. तेरा कॉलमसाठी! तेही लॅपटॉपचा स्क्रीन शेजारी उघडा ठेवलात की जवळजवळ फुकट मिळतात, पोर्टल आणि व्हॉट्सॲप तिकडे टाका.

ज्याचं काम आडवं आहे, व्हिडिओ एडिटिंगची टाइमलाइन वगैरे, त्याला अल्ट्रावाइड लाख मोलाचा, त्याने जरूर घ्यावा. आकड्यांच्या रांगांना कर्व्हचं काय कौतुक ते मला तरी कळलेलं नाही.

पण स्वस्तात जायच्या नादात २७ इंची फुल एचडी उचलू नका, हे माझ्या अनुभवाचं. २०२० च्या लॉकडाऊनमधे मी तोच घेतला, मोठा दिसला म्हणून. १९२० बाय १०८० म्हणजे २४ इंचीत जेवढं दिसतं तेवढंच, फक्त ताणलेलं, इंचाला ८२ च्या आसपास पिक्सेल, अक्षरं जाडीभरडी. क्यूएचडीत तेच १०९ होतात. दोन वर्षं वापरला आणि शेवटी पुतण्याला दिला, त्याला गेमला चालतो. अगदीच पैसे नसतील तर २४ इंची फुल एचडी बरा. १९२० बाय १२०० चा मिळाला तर अजून बरा, सहा ओळी जास्त. फोर के (३८४० बाय २१६०) नको, २७ इंचात अक्षरं इतकी बारीक होतात की स्केलिंग, म्हणजे विंडोजमधला अक्षरं मोठी करायचा टक्का, वाढवावं लागतं आणि काही जुनी सॉफ्टवेअरं त्यात धूसर दिसतात.

लॅपटॉप २०१७ चा आहे ना, त्याचं एचडीएमआय, म्हणजे मॉनिटर जोडायचं पोर्ट, बहुधा जुनं १.४ असणार. त्यावर फोर के लावला तर ३० हर्ट्झवरच चालतो, म्हणजे चित्र सेकंदाला तीसदाच बदलतं, माऊस ओढल्यासारखा वाटतो. अल्ट्रावाइडला पूर्ण ६० मिळतीलच असं नाही, क्यूएचडीला साधारण मिळतात. मोठा मॉनिटर घरी आणला की महिन्याने नवा लॅपटॉप घ्यावासा वाटतो, खरा खर्च तिथे असतो.

पैसे कुठले? मार्च एंडला दुकानदारांचे वर्षाचे हिशेब पक्के करून दिल्याचे २२ हजार वेगळे आलेत आणि तसेच सेव्हिंगला पडलेत असं तुम्हीच लिहिलंय. त्यातून १७,५०० रोख द्या. उरलेले साडेचार हजार अडीअडचणीसाठी ठेवलेल्या तुमच्या ६० हजारांत टाका, कारण घरखर्च ३५ हजार आणि मिस्टर कंत्राटावर म्हटल्यावर ६० हजार म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत. एसआयपी कधी थांबवायचीच झाली तर हा फंड सहा महिन्यांचा करायला थांबवा, तिथे मी नाही म्हणणार नाही.

वसूल होईल का? स्क्रीनवरच्या विंडोज मागेपुढे करण्यात रोज चाळीस मिनिटं जातात म्हणता, पंचवीस दिवसांचे साडेसोळा तास, तुमचा तास २५७ रुपयांचा धरला तर महिन्याला सव्वाचार हजार. कागदावर. पण वाचलेला तास कोणी बिलात घेत नाही, त्या वेळात नवीन काम आलं तरच पैसे. पिंपळगाव-दिंडोरीकडचे तीन द्राक्षवाले सिझनला येणार म्हणताय, त्यांच्या भरवशावर ३७ हजारांचा विचार म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. अवकाळी आला की त्यांची घडी कशी विस्कटते ते नाशिककरांना मी काय सांगायचं. १७,५०० मात्र निम्मं गणित खरं ठरलं तरी आठ-नऊ महिन्यांत सुटतात.

घ्यायला जाताना स्वतःचा लॅपटॉप आणि केबल न्या, दुकानात तिथेच जोडायला लावा आणि एक्सेल १०० टक्के झूमवर उघडून ओळी मोजा. क्यूएचडीवर ५५ च्या आसपास दिसल्या पाहिजेत. चाळीसच्या आत आल्या तर स्केलिंग वाढलेलं असेल, नाहीतर लॅपटॉपने फुल एचडीच पाठवलंय, डिस्प्ले सेटिंगमधे २५६० बाय १४४० निवडता येतंय का बघा. तेही दिसत नसेल तर बिल करू नका, आधी मला फोन करा.