मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे विकार किती लोकांना असतात?

दुर्मीळ तर अजिबात नाहीत. २०२१ साली जगात सुमारे ३४० कोटी लोकांना, म्हणजे ४३ टक्क्यांना, असा काही ना काही विकार होता. आकडा एवढा फुगतो कारण त्यात ताणाची डोकेदुखी आणि अर्धशिशीही धरली आहे. नुसत्या अर्धशिशीचेच रुग्ण १०० कोटींवर आहेत.

मला जास्त काळजी वाटते ती अपस्माराची, म्हणजे फिट येण्याची. जगभरात सुमारे ५ कोटी रुग्ण, बहुतेक आपल्यासारख्या देशांत. वेळेवर निदान आणि नीट औषधं मिळाली तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात. तरी अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, लग्न मोडेल म्हणून आजार लपवतात! फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.