सीडी-४ चा आकडा बरा, तरी फुफ्फुसाचा टीबी?

प्रश्न : माझ्या दिरांना फुफ्फुसाचा टीबी झाला आणि त्याच वेळी केलेल्या तपासणीत एचआयव्ही असल्याचे कळले. त्यांच्या सीडी-४ पेशी ४८० आहेत, म्हणजे प्रतिकारशक्ती फारशी घटलेली नाही, असे सांगण्यात आले. मग टीबी कसा झाला? औषधांनी फुफ्फुसे पूर्ववत होतील का? घरात लहान मुले आहेत, त्यांचीही काळजी वाटते.
— एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : या दोन गोष्टींत विसंगती नाही. सीडी-४ चा आकडा ही रक्तातील, प्रतिकारशक्तीची सूत्रे हलवणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची शिरगणती असते. डोकी किती हे ती सांगते, त्यांतून नेमके कोण नाहीसे झाले हे सांगत नाही.

श्वासाबरोबर आत गेलेला क्षयजंतू वायुकोशात पोहोचला की तेथील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्याला गिळतात. मात्र गिळला गेल्यावरही तो पेशीच्या आत जिवंत राहू शकतो, आणि त्याला आवरण्याचे बळ मॅक्रोफेजना मुख्यतः सीडी-४ पेशींनी स्रवलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या संदेशवाहक प्रथिनामुळे येते. याच पेशींच्या साह्याने जंतूभोवती गाठ तयार होते आणि तो वर्षानुवर्षे तिच्यात कोंडलेला राहतो. एचआयव्ही मात्र सर्व सीडी-४ पेशींना सारख्याच प्रमाणात मारत नाही. क्षयजंतू ओळखणाऱ्या पेशी त्याला विशेष सहज बळी पडतात, त्यामुळे एकूण आकडा बरा दिसत असतानाच टीबीविरुद्धचे संरक्षण दुबळे झालेले असते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचआयव्हीच्या लागणीनंतरच्या पहिल्या वर्षातच टीबीचे प्रमाण दुप्पट झालेले आढळले, ते यामुळेच.

शिवाय विषाणू मॅक्रोफेजमध्येही शिरतो आणि त्यांची जंतू नष्ट करण्याची क्षमता मंदावते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींचे कामही बिघडत असल्याने न्यूमोकॉकस या जिवाणूचा न्यूमोनिया अशा रुग्णांना अधिक होतो. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया हा मात्र बहुधा सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्यावरचा आजार आहे. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांत तो आढळल्याच्या वृत्तान्तानेच एड्सची पहिली नोंद झाली. दिरांना सध्या त्याची फारशी भीती नाही.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांनी टीबीचा धोका पुष्कळ घटतो, परंतु एचआयव्ही नसलेल्या माणसाइतका तो सहसा खाली येत नाही. टीबीने फुफ्फुसात पडलेले व्रण काही अंशी कायम राहू शकतात. दिर धूम्रपान करत असतील तर ते आजच थांबवावे. यात मला कोणतीही सवलत द्यावीशी वाटत नाही. टीबीवरील रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीवरील औषधाचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून त्या काळात ते सहसा दिवसातून दोनदा देतात. तेव्हा दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांना सर्व औषधांची माहिती असली पाहिजे, आणि बरे वाटू लागले म्हणून कोणतीही गोळी मनाने बंद करू नये.

मुलांविषयी : एकत्र राहिल्याने, जेवल्याने किंवा एकच भांडी वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही. टीबी मात्र हवेतून पसरतो. म्हणून घरातील सर्वांची, पाच वर्षांखालील मुलांची तर विनाविलंब, टीबीसाठी तपासणी करून घ्यावी. आजार नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध सरकारी आरोग्य केंद्रातून विनामूल्य मिळते.