पाच हजाराला आधी नाही म्हण

टिळकवाडी, बेळगाव

पोरी,

उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या नव्या व्हॉल्व्हच्या नमुन्याचा फोटो तुझ्याकडे आलाय आणि तो कामगार म्हणतोय, ‘पाच हजार द्या, तो नमुनाच आणून देतो.’ छापू का, विचारतेस. छापायचं मागाहून बघू. पाच हजाराला आधी नाही म्हण.

हाच आकडा, पण डॉलरमध्ये, २०१० साली गिझमोडो या अमेरिकी तंत्रज्ञानाच्या वेबसाइटनं मोजला होता. ॲपलच्या इंजिनिअरकडून बाजारात न आलेला आयफोन ४ कॅलिफोर्नियात एका बारमध्ये राहिला. ज्याच्या हाती लागला त्याच्याकडून यांनी घेतला आणि उघडून फोटो टाकले. चार दिवसांत पोलिसांनी संपादकाच्या घराचं दार तोडून कॉम्प्युटर नेले. तिथं पत्रकाराला कायद्याचं कवच आहे, त्यामुळे झडतीवरच गदारोळ झाला. २०११ मध्ये पत्रकारांवर खटला भरायचा नाही असं ठरलं. फोन विकणारे दोघे मात्र दोषी ठरले. त्याआधी, २००६ मध्ये, ॲपलच्या एका न आलेल्या उपकरणाची माहिती छापणाऱ्या वेबसाइटवाल्यांची सूत्रं उघड करायला तिथल्याच अपील कोर्टानं नकार दिला होता. त्यांनी माहिती छापली होती, वस्तू घेतली नव्हती. फरक कळला ना?

आपल्याकडे ते कवचही नाही. प्रेस कौन्सिल कायद्याच्या १५ व्या कलमात सूत्र न सांगण्याची मुभा आहे, पण ती कौन्सिलपुढं; कोर्टात ती चालत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेतलास तर भारतीय न्याय संहितेचं ३१७ वं कलम आहेच.

मला गिझमोडोची खरी चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. फोन हरवणाऱ्या त्या इंजिनिअरचं नाव त्यांनी छापलं. काय गरज होती?

मीही शहाणा नव्हतो. एका कारखान्यातल्या नव्या पंपाच्या बॉडीचा फोटो छापला, नाव कुणाचंच दिलं नाही. पण त्या ओतीव बॉडीवर खडूनं लिहिलेला हीट नंबर, म्हणजे ती कुठल्या वितळणीतली ते सांगणारा आकडा, दिसत होता. त्यावरून पाळी निघाली आणि पाळीवरून माणूस. साच्यांचे नमुने बनवणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये असतात किती जण? महिन्याभरात तो घरी बसला. त्याची बायको खडेबाजारात भेटली की मान वळवते, अजून.

त्या कामगाराला एकच विचार, व्हॉल्व्हमध्ये खोट आहे का. दाब सोसत नाही, टेस्ट रिपोर्ट खोटे आहेत, असलं काही असेल तर बातमी आहे, मग कंपनीलाही लेखी प्रश्न पाठवायचे. नुसता आकार नवा असेल तर तुझ्या बातमीचा फायदा कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या कुठल्यातरी स्पर्धकाला. वाचकाला त्याचं काय?

फोटो कुणाला पुढं पाठवू नकोस, आमच्या ग्रुपवर तर नकोच. रविवारी सकाळी ये. त्यालाही आण, पण उद्यमबागेतून एकाच गाडीवर येऊ नका.

तुझा,
काका