शिरेतून दिले जाणारे फिटचे औषध इतके सावकाश का चढवतात?

प्रश्न : माझी आई 58 वर्षांची असून तिला आठ वर्षांपासून फिटचा त्रास आहे. ती फेनिटॉइनच्या गोळ्या घेते. गौरी-गणपतीच्या धावपळीत तिच्या गोळ्या पाच दिवस राहून गेल्या आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिला फिट आली, ती दहा-बारा मिनिटे थांबलीच नाही. तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयात तिला शिरेतून एक लहान इंजेक्शन दिल्याबरोबर झटके थांबले. तरीही त्यानंतर सिस्टरने फेनिटॉइनचे बारा अँप्यूल फोडून सलाइनमध्ये घातले आणि ते औषध पाऊण तास चढवले. काकांनी ‘जरा जोरात सोडा’ म्हटले, तेव्हा त्या त्यांच्यावर रागावल्या. मध्ये आईचा रक्तदाब उतरला म्हणून औषध थोडा वेळ बंदही ठेवले होते. संध्याकाळपासून तिच्या सुई लावलेल्या हाताचा पंजा सुजून जांभळा पडला आहे. डोस जास्त झाल्यामुळेच हे घडले, असे सगळे नातेवाईक म्हणतात. झटके थांबल्यावर इतके औषध कशासाठी दिले? आणि हल्ली लेव्हेटिरासेटम नावाचे अधिक चांगले औषध मिळते म्हणतात, ते का दिले नाही?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील हाताविषयीचा मजकूर वाचून आपल्याला त्याच दिवशी वेगळे कळवले होते, कारण मासिक हाती पडेपर्यंत थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती. इतर वाचकांसाठी ती येथे पुन्हा सांगतो. फेनिटॉइन शिरेतून दिल्यानंतर काही तासांत सुईच्या आसपासची त्वचा निळसर-जांभळी होणे आणि मग सूज बोटांपर्यंत उतरणे हा या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. हातात जांभळा मोजा घातल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘पर्पल ग्लव्ह’ असे नाव पडले आहे. बहुतेक रुग्णांत हात उशीवर उंच ठेवल्याने आणि त्या हाताला पुन्हा सुई न लावल्याने तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरतो. परंतु वेदना वाढत चालल्या, बोटे गार किंवा पांढुरकी पडली, बधिर झाली किंवा मुठीची उघडझाप जमेनाशी झाली, तर त्याच तासाला सर्जनला हात दाखवला पाहिजे, कारण आतल्या सुजेचा दाब वाढून रक्तपुरवठा थांबण्याची भीती असते. आपल्या आईच्या हातात यांपैकी काही नाही आणि जांभळेपणा ओसरू लागला आहे, हे आपण नंतर कळवलेत, त्यामुळे जीव भांड्यात पडला.

हात जांभळा पडला म्हणजे डोस जास्त झाला, असे मात्र समजू नये. फेनिटॉइन पाण्यात सहज विरघळणारे औषध नाही. ते विरघळलेले राहावे म्हणून अँप्यूलमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल व अल्कोहोल घातलेले असते आणि द्रवाचा पीएच सुमारे 12 ठेवलेला असतो, म्हणजे तो अतिशय अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) असतो. असा द्रव मनगटामागच्या बारीक शिरेतून गेला, तर शीर जळजळते, आणि सुई जराशी सरकून तो बाहेर झिरपला तर आजूबाजूचे मांस दुखावते. काही वेळा झिरपल्याची कोणतीही खूण नसतानाही हात जांभळा होतो. वय जास्त असलेल्या रुग्णांत आणि स्त्रियांत हे अधिक आढळते. म्हणून शक्य असेल तेथे कोपराच्या खोबणीतील किंवा दंडाकडची मोठी शीर निवडावी, औषधाआधी आणि नंतर साधे सलाइन सोडून शीर धुवावी आणि ‘आग होते’ असे रुग्णाने म्हटले की थांबून पाहावे. बेशुद्ध रुग्ण तसे सांगू शकत नाही, म्हणून सुईची जागा उघडी ठेवून दर काही मिनिटांनी बोटाने चाचपावी लागते. पहाटे झटके येत असलेल्या व्यक्तीला मिळेल ती शीर धरावी लागते, हेही खरे आहे, आणि त्याबद्दल मी त्या सिस्टरना दोष देणार नाही.

आता डोसाविषयी. बारा अँप्यूल फुटताना पाहून घाबरायला होते, हे मी अनेक नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. पण एका अँप्यूलमध्ये 2 मिलिलिटर द्रवात 100 मिलिग्रॅम औषध असते आणि अशा वेळी पहिला मोठा डोस दर किलो वजनामागे 20 मिलिग्रॅम असा धरतात. आपली आई 60 किलोची असेल, तर हिशेब 1200 मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर बारा अँप्यूलचा होतो. ती रोज नियमाने गोळ्या घेत असती, तर रक्तात आधीच औषध आहे हे धरून डॉक्टरांनी हा आकडा खाली आणला असता. पाच दिवस गोळ्या चुकल्या असताना फारसे काही शिल्लक राहत नाही. म्हणूनच ‘शेवटची गोळी कधी घेतली’ हे दारातच, विचारण्याची वाट न पाहता सांगावे. गोळ्या चुकल्याचे लाजेने लपवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या लपवण्याने हिशेब चुकतो, आणि ते रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

झटके थांबल्यावर औषध कशाला, हा आपला प्रश्न अगदी रास्त आहे. पहिले लहान इंजेक्शन बहुधा लोराझेपाम, मिडाझोलाम किंवा डायझेपाम या गटातील असावे. ही औषधे आग विझवतात, पण त्यांचा असर लवकर उतरतो. डायझेपामचा तर मेंदूवरील परिणाम वीस-तीस मिनिटांतच ओसरू लागतो, कारण ते रक्तातून शरीरातील चरबीत पसरते. त्यांच्या पाठोपाठ दीर्घकाळ टिकणारे औषध गेले नाही, तर झटके पुन्हा सुरू होऊ शकतात. पाच मिनिटांच्या पुढे चाललेली फिट ही तातडीची अवस्था मानतात आणि अर्ध्या तासाच्या पुढे मेंदूच्या पेशींना कायमची इजा होण्याचा धोका वाढत जातो. पहिल्या इंजेक्शनाला एक मिनिटही उशीर नको. दुसऱ्याला मात्र पाऊण तास लागला तरी तो वेळ द्यावाच लागतो.

कारण फेनिटॉइन मेंदूतील पेशींच्या ज्या सोडियम वाहिन्यांवर (सोडियमचे कण पेशीत शिरण्याच्या सूक्ष्म दारांवर) काम करते, तशाच वाहिन्या हृदयातही असतात. ते झपाट्याने गेले तर हृदयाचे ठोके मंदावतात, लय बिघडते, रक्तदाब कोसळतो आणि क्वचित हृदय थांबतेही. त्यातील प्रॉपिलीन ग्लायकॉलही याला हातभार लावते. म्हणून प्रौढांत त्याचा वेग मिनिटाला 50 मिलिग्रॅमच्या वर कधीही नेत नाहीत, आणि वय झालेल्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांत तो 25 किंवा त्याहून कमी ठेवतात. 1200 मिलिग्रॅम 50 च्या वेगाने द्यायला 24 मिनिटे लागतात आणि 25 च्या वेगाने 48. आपल्या आईला पाऊण तास लागला, तो याच हिशेबाने. काकांचे म्हणणे ऐकून सिस्टरने सलाइनच्या नळीवरील वेगाचे चाक सोडले असते, तर जे वाईट घडू शकले असते ते लिहायलाही नको वाटते. रक्तदाब उतरताच औषध थांबवून नंतर पुन्हा सावकाश सुरू करणे हेच योग्य होते, आणि कोणीतरी दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजत होते, म्हणूनच ते वेळेत कळले. हे औषध चालू असताना छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावलेल्या असाव्यात आणि ते संपल्यावरही काही वेळ मॉनिटर चालू असावा. नातेवाइकांनी त्या चाकाला कोणत्याही कारणाने हात लावू नये. हृदयाच्या विद्युतसंदेशांच्या मार्गात अडथळा (हार्ट ब्लॉक) असलेल्या किंवा नाडी फारच मंद असलेल्या रुग्णाला तर हे औषध देतच नाहीत. आधीचा ईसीजी किंवा हृदयाची फाइल घरात असेल, तर ती सोबत न्यावी.

एक आठवण सांगतो. शिकाऊ डॉक्टर असताना एका सरकारी वॉर्डात रात्री दोनच्या सुमारास कोणीतरी फेनिटॉइन साध्या सलाइनऐवजी ग्लुकोजच्या बाटलीत घातले होते. बाटली उजेडात धरली, तर आत ढवळलेल्या ताकासारखा पांढुरका ढग दिसला, आणि नळीत बारीक कण तरंगत होते. ग्लुकोजच्या आम्लतेमुळे औषध विरघळलेले न राहता त्याचे स्फटिक बनतात. बाटली, नळी सगळे काढून टाकले, आणि ते कण शिरेत गेले नाहीत हे त्या रुग्णाचे दैव. तेव्हापासून औषध मिसळल्यावर बाटली दिव्यासमोर धरून पाहण्याची सवय मी सोडलेली नाही. फेनिटॉइन फक्त 0.9 टक्के मिठाच्या सलाइनमध्येच मिसळायचे असते, नळीत बारीक गाळणी असावी आणि मिसळलेले औषध तासनतास ठेवू नये.

लेव्हेटिरासेटमविषयी. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एसेट’ नावाच्या अमेरिकी अभ्यासात लेव्हेटिरासेटम, फॉसफेनिटॉइन (शरीरात गेल्यावर फेनिटॉइनच बनणारे औषध) आणि व्हॅल्प्रोएट ही फिटची तिन्ही औषधे समोरासमोर तपासली गेली. प्रत्येकाने साधारण निम्म्या रुग्णांत झटके थांबले. आकडे अनुक्रमे 47, 45 आणि 46 टक्के असे होते. त्यामुळे त्या डॉक्टरांनी हाताशी असलेले आणि आई आधीच घेत असलेले औषध निवडले, यात चूक नाही. मात्र वय झालेला रुग्ण, हृदयविकार, बारीक शिरा किंवा मॉनिटर नसलेले रुग्णालय असेल, तर मी स्वतः लेव्हेटिरासेटम पसंत करतो. ते पंधरा मिनिटांत देता येते, शिरेला जाळत नाही आणि रक्तदाबाला फारसा धक्का देत नाही. मूत्रपिंड अधू असेल तर त्याचे पुढचे डोस कमी करावे लागतात आणि काही रुग्ण त्यावर फार चिडचिडे होतात. व्हॅल्प्रोएट यकृताच्या रुग्णांत आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रियांत शक्यतो टाळतात.

पुढे घरी चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी एकदम दोन-तीन घेऊ नयेत. फेनिटॉइनचा निचरा करण्याची यकृताची क्षमता ठराविक असते. ती भरली की डोसात थोडी वाढही रक्तातील पातळी एकदम चढवते. चालताना झोकांड्या जाणे, डोळ्यांची बुबुळे थरथरणे, शब्द जड होणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर रक्तातील पातळी तपासून घ्यावी. ती सामान्यतः दर मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असावी, पण रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर हा आकडा फसवा ठरतो.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे आता फॉसफेनिटॉइन येते आणि त्याच्या लेबलवर दोन-दोन आकडे असतात. ते वेगाने देता येते, मग फेनिटॉइनची सगळी काळजी सोडली तरी चालेल का?

उत्तर : सिस्टर, आपण लेबल वाचून थांबलात आणि विचारलेत, याचे मनापासून कौतुक वाटते. 75 मिलिग्रॅम फॉसफेनिटॉइन शरीरात 50 मिलिग्रॅम फेनिटॉइन बनते. गोंधळ होऊ नये म्हणून डोस नेहमी ‘फेनिटॉइनच्या तुलनेत’, म्हणजे लेबलवर ‘पीई’ लिहिलेल्या आकड्यात मोजतात. डॉक्टरांनी नुसते ‘1000 मिलिग्रॅम’ लिहिले असेल, तर ‘पीई का?’ हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. दुसरी चूक याहून घातक आहे. ‘50 मिलिग्रॅम पीई’ हा आकडा एका मिलिलिटरचा असतो. तो संपूर्ण कुपीचा समजल्याने काही रुग्णांना कित्येक पट औषध गेले आहे. 10 मिलिलिटरच्या कुपीत 500 असतात. वेगाची मर्यादा प्रौढांत मिनिटाला 150 पीई आहे. हे औषध शिरेला कमी त्रास देते आणि गरज पडल्यास दंडात किंवा मांडीतही देता येते, पण ते शरीरात फेनिटॉइनच बनते, त्यामुळे रक्तदाब आणि ईसीजीवरील नजर हटवता येत नाही. देताना जांघेत खाज किंवा मुंग्या आल्या, तर वेग कमी केल्यावर त्या थांबतात. आणि साधे फेनिटॉइन कंबरेत देण्याचा आग्रह कोणी धरला, तर ठामपणे नकार द्यावा, कारण ते स्नायूत स्फटिक होऊन साचते, वेळेवर लागू पडत नाही आणि मांस सडवते.

प्रश्न : आमचे गाव रुग्णालयापासून एक तासावर आहे. तोपर्यंत घरच्यांनी काय करावे?

उत्तर : शिरेतून औषध घरी देण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. नाकात फवारायचे मिडाझोलाम मिळते. आपल्या डॉक्टरांकडून रुग्णाच्या वजनानुसार किती फवारे द्यायचे ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि बाटली मुदत तपासून फ्रिजवर किंवा देवघराजवळ, सगळ्यांना माहीत असेल अशा ठिकाणी ठेवावी. फिट सुरू होताच घड्याळ पाहावे, कपडे सैल करावेत, रुग्णाला कुशीवर वळवावे, आणि तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. फिट पाच मिनिटांपर्यंत थांबली नाही की फवारा द्यावा, 108 ला फोन करावा आणि सुरू झाल्याची वेळ, फवाऱ्याची वेळ आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घेऊन निघावे. फवाऱ्यानंतर श्वासावर लक्ष ठेवणारे एक माणूस गाडीत मागे बसलेले असावे.