तिसऱ्या रांगेत कोण बसणार, ते आधी ठरवा

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: ठाण्यात वाघबीळला राहता, घरात तुम्ही, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. आईवडील देवरुखहून येऊन वर्षातले चारेक महिने तुमच्याकडे असतात, वडिलांचे गुडघे दुखतात. तुम्हाला सात सीटची अर्टिगा हवी, गणपतीत सगळ्यांना देवरुखला एकत्र जाता यावं म्हणून, बायकोला पाच सीटची छोटी स्विफ्ट. तुम्ही ऑफिसला ट्रेनने जाता, गाडी ती नेणार, सकाळी मुलीला शाळेत सोडून पुढे ऐरोलीला. इमारतीत स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे गाड्या लोखंडी ट्रेवर घेऊन एकावर एक कप्प्यांत ठेवणारं यंत्र. आणि शेवटी प्रश्न: "बायकोला कसं पटवू?"

पटवायचं काम मी अंगावर घेत नाही. रोज गाडी जी चालवणार आणि रात्री दमून येऊन ती पार्किंगमध्ये जी घालणार, तिच्या मताला माझ्या लेखी दीडपट वजन. पण म्हणून ती म्हणते ते सगळं बरोबर असंही नाही. तुम्ही गणपतीचे दिवस मोजताय, ती सोमवार ते शनिवार मोजतेय. हिशेब दोघांचाही खरा आहे, म्हणून तर महिनाभर भांडण मिटत नाहीये.

आधी टेप घ्या हातात. "मोठी गाडी, मोठी गाडी" म्हणताना तुमच्या घरात लांबी आणि रुंदीची गल्लत होतेय. स्विफ्ट ३८६० मिलिमीटर लांब, अर्टिगा साधारण ४४००. फरक अर्ध्या मीटरहून थोडा जास्तच. रुंदी मात्र दोघींची सारखीच, १७३५. म्हणजे नौपाड्याच्या गल्लीत समोरून रिक्षा आली की गाडी अडकेल ही जी बायकोची भीती आहे, ती अर्टिगात जितकी खरी तितकीच स्विफ्टमध्ये. गंमत म्हणजे "छोटी एसयूव्ही" म्हणून लोक नेक्सॉन घेतात, ती १८०४ आहे. ब्रेझा १७९०. दोन्ही चार मीटरच्या आत, पण गल्लीत अर्टिगापेक्षा जाड. हे आकडे आरसे सोडून असतात हेही लक्षात ठेवा.

लांबीचा त्रास होतो तो वळताना आणि गाडी लावताना. वळणाची त्रिज्या स्विफ्टची ४.८ मीटर, अर्टिगाची ५.२. घोडबंदर रोडवर सर्व्हिस रोडवरून यू-टर्न मारताना, मागे टँकर हॉर्न देत असताना, एका फटक्यात वळणं आणि एकदा मागेपुढे करावं लागणं यातला फरक तो हाच. चालवणाऱ्याला तो रोज कळतो. शेजारी बसून मोबाइल बघणाऱ्याला कळत नाही.

आणि स्टॅक पार्किंग. तुमच्या पोस्टमध्ये त्याला अर्धी ओळ दिली आहेत, खरं तर निम्मा निकाल तिथेच लागणार आहे. मी पाचपाखाडीत राहते, आमच्या इमारतीतही तीच यंत्रणा. एका कुटुंबाने लांब गाडी घेतली. रोज संध्याकाळचा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. आजींना काठी आणि भाजीच्या पिशवीसकट रॅम्पवरच उतरवतात, कारण एकदा ट्रेमध्ये शिरलं की दार वीतभरच उघडतं, पलीकडे खांब. मग आरसे मिटवून गाडी रिव्हर्समध्ये. ट्रेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड आहे, तिला टायर घासला की आवाज थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. मागची चाकं स्टॉपरला टेकली तरी पुढचं नाक रेषेबाहेर, सेन्सर लाल. वॉचमन किल्लीवर हात ठेवून उभा, "अजून थोडं साहेब, अजून, बस बस बस!" मागे दोन गाड्या ताटकळलेल्या. हे पावसाळ्यात, मुलगी मागच्या सीटवर झोपलेली असताना, एकटीने करायचं आहे तुमच्या बायकोला. ती छोटी गाडी मागते त्यामागे नखरा नाही.

तेव्हा सोसायटीच्या ऑफिसात जाऊन तुमच्या ट्रेची कमाल लांबी, रुंदी, उंची आणि वजन लेखी घ्या. यंत्रावर बहुधा पाटी असतेच. उंची विसरू नका. बऱ्याच ठिकाणी काही कप्पे सेडानच्या उंचीचे असतात आणि काहीच उंच गाडीचे. स्विफ्ट १५२० उंच, अर्टिगा १६९०. आणि वॅगन आर लांबीला इवलीशी, ३६५५, पण उंचीला १६७५! छोटी म्हणून घेतली आणि कप्प्यात मावली नाही असं तिच्या बाबतीत होऊ शकतं. दुसऱ्या कुणाच्या नावावरचा उंच कप्पा बदलून मिळेल का हेही आत्ताच विचारा, गाडी दारात आल्यावर सोसायटीत कुणी तुमचं ऐकत नाही.

आता सीटांकडे येऊ. कागद घ्या आणि सीटांवर माणसांची नावं लिहा. सात खुर्च्या मोजू नका, नावं लिहा. आईवडील इथे असताना रविवारी पाचही जण बाहेर निघालात. चालवणार बायको. गुडघ्यांमुळे वडील पुढे, कारण पुढचं दार मोठं उघडतं आणि पाय पसरता येतात. मुलगी बूस्टर सीटवर (मुलांना उंच बसवणारी जोडसीट), दुसऱ्या रांगेत, कारण सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या तिथे असतात. (चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे हजार रुपये दंड आहे, आजीच्या मांडीवर वगैरे विसरा.) तिच्या शेजारी आई. उरलं कोण? तुम्ही. बूस्टर आणि आईच्या मधे अंग चोरून बसायचं नसेल, तर तिसऱ्या रांगेत तुम्हीच बसणार आहात.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंगवर बसू नका. दुसरी रांग पुढे सरकवून, वाकून, मागे शिरा आणि बायकोला वाघबीळ ते तीन हात नाका आणि परत अशी गाडी चालवू द्या, मेट्रोच्या खांबांमधून, कापूरबावडीच्या गर्दीतून. गुडघे छातीशी येतात का, एसीची हवा मागे पोचते का, खड्ड्यात डोकं कुठे आपटतं, सगळं स्वतःला कळू द्या. परत आल्यावरही तुम्हाला अर्टिगाच हवी असेल, तर तुमच्या बोलण्याला घरात वजन येईल.

स्विफ्टमध्ये हेच पाच जण बसवले तर वडील पुढे, मागे एका कडेला बूस्टर, दुसऱ्या कडेला आई, आणि मधे तुम्ही, उंचवट्याच्या दोन्हीकडे पाय टाकून. तलावपाळीपर्यंत चालेल. डॉक्टरकडे, बँकेत, नात्यातल्या साखरपुड्याला मुलुंडपर्यंतही चालेल. पण चार महिने, दर आठवड्याला दोन-तीनदा, हिवाळ्यात शाल-स्वेटरसकट? तिथे तुमची बाजू मला भक्कम वाटते. तुम्ही मात्र पोस्टभर गणपतीवरच बोललात, जिथे ती सगळ्यात कच्ची आहे.

कारण गणपतीचा हिशेब बघा. देवरुखला जाताना भाऊ-वहिनीही येतील, सात जण होतील म्हणताय. तिन्ही रांगा भरल्या की अर्टिगाची डिकी उरते २०९ लिटर. एक मोठी बॅग उभी आणि चार पिशव्या कोंबायच्या. सात माणसांचे पाच दिवसांचे कपडे, मखराचं सामान, मुलांची खोकी, आणि येताना तांदूळ, नारळ, आगळाच्या बाटल्या. सात माणसं नाहीतर सात माणसांचं सामान, दोन्ही त्यात बसत नाही. सीएनजी घेतलीत तर डिकीत टाकी येते, मग त्या २०९ चाही निरोप घ्या. तिसरी रांग अर्धी दुमडून पाच-सहा माणसं आणि सामान अशी मात्र ही गाडी फार सोयीची आहे, ती निम्मी-निम्मी दुमडते. पूर्ण दुमडली तर जागा ५५० लिटर.

पूर्ण सात जणांच्या त्या प्रवासाला पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याने द्यायचा परवाना असलेली, इनोव्हा ड्रायव्हरसकट ठरवा, भावाबरोबर पैसे वाटून घ्या. गणपतीत भाव चढतात आणि गाड्या मिळत नाहीत, म्हणून आषाढ लागायच्या आतच बोलून ठेवायचं. कुणा ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. नाहीतर आईवडिलांना कोकण रेल्वेने पुढे पाठवा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी तेवढं लॉगइन करून बसायची तयारी ठेवा.

पैशांचं पटकन सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. स्विफ्ट १८ मध्ये, अर्टिगा ४० मध्ये. (ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही पेट्रोल इंजिन दीड लिटरचं, म्हणून तीही ४० मध्ये. शोरूममध्ये हे आपणहून कुणी सांगत नाही.) अर्टिगा आता स्वस्त झाली असं तुमचा मित्र म्हणतो ते खरं आहे, पूर्वी सेस धरून ४५ टक्के होते. पण स्विफ्टवर तेव्हा २९ होते. म्हणजे दोन्ही उतरल्या, तरी दोघींमधलं करातलं अंतर सोळा टक्क्यांवरून बावीसवर गेलं. त्यावर आपला आरटीओचा कर, पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२. थर्ड पार्टी विम्यात फरक नाही, दोन्ही इंजिनं १००० ते १५०० सीसीच्या गटात. मायलेज कंपनी सांगते लिटरला स्विफ्टचं २४.८ आणि अर्टिगाचं २०.५१ किलोमीटर, घोडबंदरला यातलं काही मिळत नाही, पण दोघींतला फरक साधारण त्याच प्रमाणात राहतो. टोलचा मुद्दा मधे आणू नका. पाच सीट काय नि सात काय, कारचा दर एकच, आणि ऐरोलीचा नाका तर १५ ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफच आहे.

रेनोची ट्रायबर बघितलीत का? कुणीच नाव घेतलं नाही. लांबी चार मीटरच्या आत, सात सीट, इंजिन ९९९ सीसी, म्हणून १८ टक्क्यांत. तिसऱ्या रांगेच्या सीट सुट्या काढून घरात ठेवता येतात, मग डिकी ६२५ लिटर. एरवी पाच सीटची गाडी म्हणून वापरा, आईवडील आले की एक सीट लावा. बायकोच्या ट्रेमध्ये मावण्याची शक्यता अर्टिगापेक्षा बरीच जास्त, उंचीचं तेवढं बघा. उणं काय, तर इंजिन. ७२ पीएसच्या तुटपुंज्या ताकदीवर सगळी माणसं आणि एसी घेऊन कशेडीकडे निघालात की ओव्हरटेकची घाई सोडावी लागते. जुना घाट टाळून बोगद्यातून गेलं तरी चढ काही संपत नाहीत. तुमची गाडी वर्षातून कितीदा घाटात जाणार आणि कितीदा ऐरोलीच्या वाटेवरच्या विटाव्याच्या पुलाखालून, यावर ठरवा.

इनोव्हाबद्दल तुम्ही शेवटी "तीही बघतोय" असं घातलंय. पावणेपाच मीटर, तुमचं बजेट बारा लाख, आणि ट्रे तुमचा असा. साडूने घेतली असेल तर त्याला अभिनंदनाचा फोन करा.

माझं मत विचारलंत म्हणून: ट्रेमध्ये अर्टिगाची लांबी मावत असेल आणि बायकोने शाळेच्या वेळेला तासभर चालवून "जमेल" म्हटलं, तर अर्टिगा घ्या, पेट्रोलच घ्या, आणि कारण म्हणून आईवडिलांचे चार महिने सांगा, गणपती नको. जमत नाही म्हणाली तर ट्रायबर. तीही नको असेल तर स्विफ्ट, पण बुकिंगआधी वडिलांना तीत दोनदा बसवून-उठवून बघा. तिची सीट खाली आहे, बसताना माणूस सहज बसतो, उठताना गुडघा बोलतो. त्यांना त्रास झाला तर वॅगन आर बघा, कप्पा उंच असेल तर. "मोठी घेऊ, तू शिकशील हळूहळू" हे वाक्य घरात उच्चारू नका. तिला गाडी चालवता येते, तुमच्यापेक्षा रोजची जास्त.

पार्किंगची जागा तुमच्या नावावर असल्याचं सोसायटीचं पत्रही आत्ताच काढून ठेवा. जागेच्या पुराव्याशिवाय नवी गाडी नोंदवायची नाही, असं परिवहन मंत्री २०२५ मध्ये जाहीर बोलले होते. पत्र हाताशी असलं तर नुकसान काही नाही.

आणि डेमो गाडी शोरूमच्या आवारात फिरवून परत देऊ नका, सोसायटीत आणा, ट्रेवर चढवा, बायकोला चढवू द्या. सेल्समन का-कू करेल, विमा नाही, मॅनेजर नाही म्हणतात वगैरे. अडून बसा. अगदीच ऐकलं नाही तर दुसऱ्या शोरूममध्ये जा, ठाण्यात त्यांना तोटा नाही.