दिवसा एक खळं, रात्री वेगळी दारं

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन गाई, तीन शेळ्या, कुत्रा, मांजर आणि त्यात आता डझनभर कोंबड्या आणायच्या म्हणतेस, नि यांचं आपसात जमेल का, असं विचारतेस. जमतं. कुठल्याही वाडीत दिवेलागणीआधी खळ्यात नजर टाक, सगळी एकत्रच दिसतील. गाईने शिंग उगारलं तर कोंबडी उडून बाजूला होते, तिला कुणी शिकवावं लागत नाही. नुकसान होतं ते एकाचं खाणं दुसऱ्याच्या तोंडी लागल्यामुळे, नाहीतर रात्री कोण कुठे निजतं ते कुणी न ठरवल्यामुळे.

सगळ्यात आधी शेळ्या. शेळी कोंबडीला काही करत नाही, पण कोंबडीच्या खाण्याच्या पोत्याला सोडत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात पाला-गवत आंबवणारे जिवाणू असतात. तिथे एकदम मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी भरपूर पडली की ती झपाट्याने आंबते, आम्ल वाढतं आणि सगळं पचन ठप्प होतं. मग रवंथ थांबतं, शेळी दात खाते, डावी कूस फुगते, पातळ हगते आणि बसली की उठायला मागत नाही. गुरांच्या दवाखान्यात असताना अशा केसेस मी भरपूर पाहिल्या. बहुतेक घरी एकच वाक्य ऐकू यायचं, ‘रात्री पोतं फाडलंन, म्हटलं सकाळी बघू.’ सकाळी बघायचं नाही. पोतं किती रिकामं झालंय ते पाहून त्याच वेळी डॉक्टरांना फोन करायचा.

उपाय साधा आहे. कोंबड्यांना पहाटे खुराड्यातच, दार बंद असताना खाणं घाल. भांडं चाटून झालं की दार उघड आणि भांडं आत ठेवून पुन्हा दार लाव. पोतं झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवायचं, आणि झाकणावर चिरा. शेळ्यांना जाऊ न देणारं कुंपण घालीन असं तू लिहिलंयस, त्यावर पैसे घालू नकोस. जिथून कोंबडी जाते तिथून करडू जातं, आणि गडगा चढणं शेळीला काय अवघड?

उलट बाजूही आहे. गाईच्या काही तयार पेंडीत आणि चाटण विटांमध्ये युरिया असतो. गाईच्या पोटातले जिवाणू त्यातून प्रथिनं करतात, कोंबडीच्या पोटात ती सोय नाही. तेव्हा उरलेली पेंड कोंबड्यांपुढे टाकायची नाही. घरच्या आंबोणाचे सांडलेले चार दाणे टिपले तर बिघडत नाही.

गाय आणि कोंबडी ही मात्र जोडी खरी. गाय बसलेली असताना कोंबडी तिच्या कासेजवळचे, कानामागचे गोचीड टिपते, आणि गाय डोळे मिटून टिपू देते. केनियात यावर रीतसर अभ्यास झाला, 1991 मध्ये तो छापून आला. गोचीड झालेल्या गुरांत कोंबड्या थोडा वेळ सोडल्या आणि मग त्यांच्या पोटात पाहिलं, तर एकेकीत सरासरी 81 गोचीड निघाले. औषधाची गरज त्याने संपत नाही, पण फुकटची मदत कोण नाकारतं? शिवाय शेण उकरून त्यातल्या माशांच्या अळ्या खातात, हे पावसात फार मोलाचं.

दिवसापुरतीच ही दोस्ती. कोंबड्यांना गोठ्यात आढ्यावर बसू दिलंस तर रात्रभर विष्ठा गव्हाणीत पडते आणि सकाळी गाय त्या वैरणीला तोंड लावत नाही, लावलं तर आणखी वाईट. माळ्यावरच्या पेंढ्यात कोंबड्या अंडी घालायला जातात, तिथे एखादं पिल्लू मरून सडलं तर त्या विषाने गाय लुळी पडून दगावू शकते. मेलेल्या उंदराचंही तेच. म्हणून माळ्याची शिडी काढून ठेव आणि पेंढा काढताना हात घालण्याआधी वास घे. खुराडं गोठ्यापासून निराळं, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, खाली भाताचं तूस. जाळी बारीक घे. मुंगूस आणि उदमांजर मोठ्या भोकाची जाळी जुमानत नाहीत.

मांजराची काळजी दोन महिन्यांपर्यंतच्या पिल्लांपुरती. तोवर पिल्लं डालग्याखाली. मोठ्या कोंबडीच्या वाटेला बोका सहसा जात नाही, आणि पिल्लंवाली तर त्यालाच पडवीपर्यंत पळवते. कुत्र्याचं वय तू लिहिलं नाहीस. वर्षाच्या आतलं असेल तर ते खेळता खेळता मारतं, तेव्हा पहिले काही आठवडे दोरीवर ठेव आणि मेलेली कोंबडी त्याला कधीही खायला देऊ नकोस, पुरून टाक. रात्री त्याला खळ्यात बांधू नकोस, बिबट्या त्याच्यासाठीच येतो. पडवीत घे.

बदकं घेऊ नकोस, निदान या वर्षी तरी. पाणी घाण करतात, तूस ओलं करतात, आणि ओल्या तुसात कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. शिवाय बर्ड फ्लूचा विषाणू बदकं आजारी न दिसता बाळगू शकतात. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी घालायची गंमत तुला करायचीच असेल (21 ऐवजी 28 दिवस बसावं लागतं बिचारीला), तर पुढल्या वर्षी बोलू.

राहिलं कोंबड्यांचं आपसातलं. खरी मारामारी तिथेच. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे या माणसाने 1921 च्या सुमारास कोंबड्यांतली ही चोचीची उतरंड अभ्यासून मांडली: कोणी कुणाला टोचायचं हे ठरलेलं असतं. नवीन पाखरू आलं की ती उतरंड नव्याने लागते. म्हणून सगळ्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, एकदम आण. नंतर भर घालायचीच झाली तर एकटी आणू नकोस, दोन-तीन आण, आठवडाभर जाळीपलीकडे ठेव आणि खाण्याची भांडी वाढव. रक्त आलेली कोंबडी लगेच वेगळी काढ, लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

मिरगाच्या आधी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस उरकून घे. मोठ्या पाखरांच्या लशीची बाटली बहुतेक शंभर पाखरांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून डझनासाठी एकटीने आणू नकोस. वाडीतल्या सगळ्या घरांच्या कोंबड्या मोज आणि एकाच सकाळी, दारं उघडायच्या आत, सगळ्यांना टोचून घ्या. शेजारच्या कोंबड्या तशाच राहिल्या तर रोग तुझ्या खळ्यात फिरतच राहील. किती भरतात ते कळव, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात मी आधी बोलून ठेवतो.

तुझा,
काका