मार्टिन ल्यूथर किंग यांना रंगमंचावर घाबरलेले दाखवणे हा त्यांचा अवमान आहे का?

अमेरिकी नाटककार कटोरी हॉल यांच्या 'द माउंटनटॉप' या नाटकात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे किंग सिगारेटसाठी अस्वस्थ होतात, विजेच्या कडकडाटाने दचकतात, मोटेलमधल्या कामवाल्या तरुणीशी थट्टामस्करी करतात. एवढ्या मोठ्या नेत्याला असे दाखवणे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यात अवमान नाही, आणि त्याचे कारण किंग यांच्याच आयुष्यात आहे.

त्यांचे खासगी आयुष्य नाटकाच्या कितीतरी आधी चव्हाट्यावर आणण्याचा प्रयत्न झाला होता. एफबीआय या अमेरिकी सरकारच्या तपास यंत्रणेने त्यांचे फोन चोरून ऐकले, हॉटेलच्या खोल्यांत मायक्रोफोन लपवले आणि १९६४ साली त्यांना ध्वनिफितीसोबत एक निनावी पत्र पाठवले, ज्याचा रोख त्यांनी आत्महत्या करावी असा होता. नाटकातले किंग फोन हातात घेतल्यावर त्याचा रिसीव्हर उघडून आत काही लपवले आहे का ते पाहतात. एवढ्याशा कृतीतून त्या माणसावरचे दडपण मला जितके जाणवले, तितके ते चरित्राच्या अनेक पानांतूनही जाणवले नव्हते. तिथे सरकार त्यांना मोडण्यासाठी कान लावून बसले होते. इथे लेखिका त्यांच्या मोज्यांची भोकेसुद्धा मायेने पाहते.

शिवाय ही कल्पना हवेतली नाही. ३ एप्रिल १९६८ च्या, म्हणजे हत्येच्या आदल्या दिवशीच्या, वादळी रात्री मेम्फिस शहरात थकलेले किंग सभेला जाणार नव्हते. मेसन टेंपल या चर्चमध्ये जमलेले लोक त्यांचीच वाट पाहत आहेत, असा त्यांचे सहकारी राल्फ ॲबरनथी यांचा फोन आल्यावर ते गेले आणि हातात टिपण नसताना बोलले. मेम्फिसला ते आले होते ते सफाई कामगारांच्या संपासाठी, ज्याच्या थोडेच आधी दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते. ते उतरले होते त्या लॉरेन मोटेलच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीतली रात्र तेवढी हॉल यांनी कल्पिली, आणि पुढे ती तरुणी देवदूत निघते, तेव्हा हा इतिहास नव्हे हे नाटक स्वतःच उघडपणे सांगते. तिचे नाव, कॅमे, लेखिकेने आपल्या आईच्या नावावरून घेतले. ही आई त्या रात्री किंग यांचे भाषण ऐकायला जायला आतुर होती, पण बाँबच्या भीतीने घरच्यांनी तिला जाऊ दिले नव्हते.

थट्टामस्करीचा भाग मला थोडा लांबलेला वाटतो, हे खरे. पण अवमान मी तेव्हाच म्हटला असता, जेव्हा सिगारेट आणि भीती रंगवण्याच्या नादात लेखिका त्या कामगारांना विसरली असती.